लहान बोटीवर म्युझिक सिस्टीम: काय घ्यावं, कुठे बसवावं?

भरतीओहोटी
नमस्कार मंडळी. बोट १९ फुटी, फायबरची, उघडी. मधोमध कन्सोल (सुकाणूची उभी पेटी), मागे एक पेट्रोल आउटबोर्ड इंजिन, बॅटरी एकच. आधीच्या मालकाने कन्सोलमध्ये गाडीचा डेक ठोकला होता. तो आता फक्त वेळ दाखवतो, आणि तीही चुकीची. स्पीकरचे कोन कागदी होते, त्यांचा लगदा झालाय. सगळं काढून नव्याने करायचंय.

प्रश्न असे. 'मरीन' लिहिलेलं हेडयुनिट (म्हणजे मुख्य डेक) खरंच वेगळं असतं की नुसता पांढरा रंग? स्पीकर दोन पुरतील की चार? वेगळा अँप (अॅम्प्लिफायर) लागतो का? आणि दिवसभर गाणी ऐकून संध्याकाळी इंजिनच सुरू झालं नाही तर?

वापर म्हणजे किनाऱ्याजवळ हिंडणं, गळ टाकून बसणं, कधी नांगर टाकून पोहणं. कानठळ्या बसवायच्या नाहीत, पण इंजिन चालू असताना कुठलं गाणं लागलंय एवढं तरी कळावं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खारा_वारा
तरंगणारा ब्लूटूथ स्पीकर घ्या एक. भोकं पाडायला नकोत, वायरिंग नको, घरी नेता येतो. संपला धागा. :)

भरतीओहोटी
@खारा_वारा, आहे की तो. नांगर टाकल्यावर उत्तम चालतो. इंजिन चालू केलं की त्याचा नुसता ओठ हलताना दिसतो. शिवाय लाटेवर उडी बसली की तो घरंगळत पायाशी येतो, आणि चार्जिंग नेमकं परतीच्या वाटेवर संपतं.

ओहम_स्वाहा
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

हेडयुनिटच्या डब्यावर '४ × ५० वॅट' लिहिलेलं असतं. ते विसरा. चार्जिंग चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट धरले, तर हेडयुनिटमधली चिप स्पीकरला जास्तीत जास्त तेवढंच टोक देऊ शकते. त्याचा आरएमएस (म्हणजे परिणामकारक सरासरी) होतो सुमारे १०.२ व्होल्ट. वर्ग करून ४ ओहमने भागा, २६ वॅट. हे कागदावरचं. चिपमधले तोटे वजा जाता प्रत्येक स्पीकरला १८ ते २० वॅट स्वच्छ मिळतात. इंजिन बंद करून बॅटरी १२.५ वर आली की त्याहून कमी.

आता इंजिनाशी सामना. चालत्या आउटबोर्डचा आवाज सुकाणूपाशी ८५ डेसिबलच्या आसपास सहज जातो. समजा, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९० डेसिबल आहे, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ९०. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल जातात. घरातल्या खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, बोटीवर भिंतीच नाहीत. म्हणून तुम्ही २ मीटरवर असाल तर ८४. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणून १६ वॅटला १२ वाढून ९६. दोन स्पीकरचे मिळून ९९. मस्त वाटतं ना? पण ही कमाल मर्यादा झाली. गाण्याची सरासरी पातळी तिच्या १० ते १२ डेसिबल खाली असते, नाहीतर तबल्याची थाप, ड्रमचा ठोका कापला जातो. राहिले ८७ ते ८९. म्हणजे गाणं इंजिनाच्या जेमतेम वर. लोक मग आवाज शेवटपर्यंत पिळतात, सिग्नल कापला जातो, कर्कश ऐकू येतं आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जळतो.

तोच हिशेब प्रत्येकी ६४ वॅटने केला की ६ डेसिबल जास्त. सरासरी ९३-९५. इथे गाणं मोकळं होतं. म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर: इंजिन चालू असताना ऐकायचं असेल तर दोन चांगले ६.५ इंची स्पीकर आणि छोटा क्लास डी (कमी बॅटरी खाणारा) अँप, प्रत्येकी ७५ वॅट आरएमएसच्या आसपास. चार स्पीकर हेडयुनिटवर लावण्यापेक्षा हे बरं.

आणि स्पीकर निवडताना वॅट बघण्याआधी सेन्सिटिव्हिटी बघा. ८७ चा स्पीकर ९० वाल्याइतका वाजवायला दुप्पट वॅट लागतात, आणि ते वॅट तुमच्या एकुलत्या एका बॅटरीतून येणार.

दोन_आणे
वाचतोय. खुर्ची ओढून बसलो.

जुगाड_नंबर_वन
एवढं गणित कशाला? गाडीचा डेक पारदर्शक झाकणाच्या डब्यात बसवा, कडेने सिलिकॉन मारा. माझा अजून चालू आहे.

डोलकाठी
@जुगाड_नंबर_वन, गोड्या पाण्यात, सावलीत ठेवलेल्या बोटीवर चालेलही. खाऱ्या पाण्यात थेट लाट अंगावर येणं हा प्रश्नाचा लहान भाग आहे. हवेतून मीठ आत जातं, सर्किटवर बसतं आणि मग ते मीठ दमट हवेतून पाणी ओढत राहतं. बोट किनाऱ्यावर झाकून ठेवली तरी आत गंज चालूच. तुमच्या बंद डब्यात उलट दिवसा ऊन तापतं आणि रात्री आतल्या हवेतलं पाणी झाकणाला सुटतं.

मरीन हेडयुनिटमध्ये रंगाशिवाय काय असतं? सर्किट बोर्डवर संरक्षक लेप, बटणांमागे गास्केट, गंज न धरणारे जोड, आणि उन्हात न तडकणारं प्लास्टिक. चांगल्या कंपन्या मिठाच्या फवाऱ्याची चाचणी (एएसटीएम बी११७) आणि अतिनील किरणांची चाचणी केल्याचं स्पष्ट लिहितात. ते लिहिलेलं नसेल आणि नुसतं 'मरीन ग्रेड' असेल, तर तो नुसता पांढरा रंग समजावा.

आयपी रेटिंगबद्दल (धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा) दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, बहुतेक हेडयुनिटचं आयपी६५ किंवा ६७ हे पॅनेलमध्ये नीट बसवल्यावर दर्शनी भागाचं असतं. पाठीमागून पाणी आलं तर कंपनी हात वर करते. म्हणून कन्सोलची मागची बाजू कोरडी असणं तुमच्या हातात. दोन, आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतं. याचा अर्थ पाण्याचा झोत सहन करेलच असं नाही, ती चाचणी वेगळी आहे, आयपी६५ किंवा ६६. दोन्ही आकडे छापलेले असतील तरच दोन्ही धरायचे. आणि प्रेशर वॉशर या कुठल्याच हिशेबात बसत नाही. स्पीकरच्या जाळीवर तो कधीही मारू नका. साध्या नळाच्या गोड्या पाण्याने अलगद धुवा, बास.

जुगाड_नंबर_वन
बरं बरं. पण मिठाचं पाणी ओढणं हा मुद्दा पटला. डबा उघडून बघतो.

सुकाणू_धरा
अजून एक खरेदीच्या वेळची गोष्ट: दुकानात डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल चढवून डिस्प्ले बघा, आडवा आणि उभा. काही स्क्रीन ठरावीक कोनात पूर्ण काळ्या दिसतात. पाण्यावर तोच गॉगल दिवसभर घालणार आहात.

सीडीचा खण असलेलं जुनं युनिट कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. पाणी शिरायला आयतीच फट.

कन्सोलमध्ये जागा कमी असेल तर 'ब्लॅक बॉक्स' प्रकार बघा. मुख्य डबा आत कोरड्यात लपवायचा, बाहेर फक्त गोल रिमोट, इंजिनाच्या मीटरएवढा. उन्हापाण्यात राहतो तो भाग लहान आणि बदलायला सोपा. तुमच्याकडे चार्टप्लॉटर (नकाशाचा स्क्रीन) असेल तर काही युनिट बोटीवरची यंत्रं जोडणाऱ्या एनएमईए २००० च्या जाळ्यावर जोडून त्याच्या स्क्रीनवरून चालवता येतात. फ्यूजनची युनिट यासाठी प्रसिद्ध आहेत. ती कंपनी २०१४ पासून गार्मिनकडे आहे आणि २०२३ मध्ये गार्मिनने जेएल ऑडिओही घेतली, त्यामुळे त्या घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलतात. तुमच्या बोटीला हे हवंच असं नाही. बटणाने आवाज कमी-जास्त झाला की झालं.

आता जागा. स्पीकर कन्सोलच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याखाली बसवायचा मोह होतो, कारण तिथे सपाट जागा असते. पण वरचे सूर सरळ रेषेत जातात आणि पायात अडतात. तिथे बसवलेला स्पीकर नडग्यांना उत्तम ऐकू येतो. जितका वर आणि कानांकडे तोंड करून बसेल तितके कमी वॅट लागतील. टी-टॉप (कन्सोलवरचं नळ्यांचं छत) असेल तर त्याच्या नळीला डबाबंद स्पीकर लटकवता येतो. नसेल तर मागच्या आसनाच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या भिंतीत, वरच्या अंगाला.

होकायंत्र! स्पीकरच्या पाठीला मोठा चुंबक असतो. होकायंत्रापासून किमान १ मीटर लांब ठेवा, माहितीपुस्तकात कंपास सेफ डिस्टन्स दिलेलं असेल तर तेवढं. भोक पाडण्याआधी स्पीकर नुसता हातात धरून नियोजित जागेवर न्या आणि सुई हलते का बघा. ऑटोपायलटचा कंपास सेन्सर कन्सोलच्या आत लपलेला असतो, तोही शोधा.

भरतीओहोटी
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं. टी-टॉप नाही. मागच्या बाजूच्या भिंती चालतील असं वाटतंय. अँप मागच्या आसनाखाली ठेवावा म्हणतो, स्पीकरपासून जवळ. तिथेच पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आहे, त्यामुळे वायरही कमी लागेल.

ओहम_स्वाहा
नको! नको! नको!

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते. टाकीच्या बंद कप्प्यात ठिणगी पडू शकेल असं कुठलंही साधन ठेवायचं नाही. तिथे फक्त 'इग्निशन प्रोटेक्टेड' प्रमाणपत्र असलेल्या वस्तू चालतात (एसएई जे११७१ किंवा आयएसओ ८८४६), आणि म्युझिकच्या अँपवर ते सहसा नसतं. फ्यूज होल्डर, रिले, स्विच यांनाही हेच लागू. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते ते वेगळंच.

अँप कन्सोलच्या आत, उभा, जमिनीपासून वर, पंखांभोवती हवा खेळेल असा. स्पीकरची वायर लांब गेली तरी हरकत नाही.

दोन_आणे
बरं झालं विचारलंत.

तांबडी_तार
वायरिंगवर कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. बोटीवरच्या बहुतेक म्युझिक सिस्टीम वायरिंगने मरतात, स्पीकरने नाही.

वायर: कथील चढवलेली तांब्याची, बारीक तारांची. साध्या तांब्यात खारट ओल केशनळीसारखी आत चढते आणि वेष्टनाखाली तार काळी पडते. बाहेरून काही दिसत नाही.

जाडी: अंतर नेहमी जाऊन-येऊन मोजा. फायबरच्या बोटीला गाडीसारखी धातूची बॉडी नाही, निगेटिव्हसुद्धा वायरनेच परत आणायचा. तुमचा अँप पूर्ण जोरात १५ अँपिअर घेईल असं धरू (१५० वॅट, ८० टक्के कार्यक्षमता, १२.५ व्होल्ट). बॅटरी ते कन्सोल वायरच्या वाटेने ४ मीटर, म्हणजे एकूण ८. २.५ चौरस मिमी वायरचा रोध मीटरला सुमारे ७.४ मिलीओहम. १५ अँपिअरला पावणेनऊ-नव्वद शतांश व्होल्ट गायब, म्हणजे ७ टक्के. ६ चौरस मिमी घेतली तर ०.३७ व्होल्ट, ३ टक्के. ६ च घ्या.

फ्यूज: बॅटरीच्या पॉझिटिव्हपाशी, अँपपाशी नव्हे. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेचं ई-११ मानक मूलतः ७ इंचांच्या आत म्हणतं, वायर बॅटरीला थेट जोडली असून नळीत किंवा आवरणात असेल तर अंतर वाढवायची सूट देतं. या सिस्टीमला २० अँपिअर. पण तुमची बॅटरी टाकीशेजारी आहे. आधी ती तिथून हलवता आली तर बघा, कन्सोलमध्ये बऱ्याच बोटींची असते. नाही जमलं तर तिथला फ्यूज होल्डर इग्निशन प्रोटेक्टेडच हवा.

जोड: रॅचेटवाल्या पक्कडने क्रिंप केलेले (दाबून बसवलेले), आत गोंद असलेल्या हीट श्रिंक नळीचे. ओढून बघा, सुटला तर बरा, आत्ताच सुटला. वायर उपकरणात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. आणि दर वीतभर अंतरावर क्लिप मारा. लोंबणारी वायर लाटांनी हलून हलून तुटते.

पिवळी आणि तांबडी वायर: पिवळी कायम चालू, तिच्यावर सेटिंग जपली जातात. तांबडी स्विचवरून. हेडयुनिट बंद असताना पिवळीतून २० मिलीअँपिअर जात असले तर महिन्याला साडेचौदा अँपिअर-तास जातात. आठवड्याला बोट काढत असाल तर ठीक. दोन-दोन महिने उभी राहत असेल तर पिवळीही बॅटरी स्विचच्या पुढेच जोडा. स्टेशनं पुन्हा लावावी लागतील, बॅटरी तरी जिवंत राहील.

तांबडी_तार
दुरुस्ती: वर 'पावणेनऊ-नव्वद शतांश' असं काहीतरी टंकलंय. ०.८९ व्होल्ट वाचावं.

खारा_वारा
क्रिंपच का? सोल्डर केला की जोड एकजीव होतो, गंजाचा प्रश्नच नाही.

तांबडी_तार
सोल्डर वायरमध्ये पुढे झिरपतो आणि तिथे ती कडक होते. जिथे कडक भाग संपतो नेमकं तिथे हादऱ्यांनी तुटते. क्रिंपवर वरून सोल्डर करायचाच असेल तर करा, पण जोड नुसत्या सोल्डरवर उभा नको.

खारा_वारा
माझे सोल्डर कधी तुटले नाहीत, पण माझी बोट शिडाची आणि मी सावकाश जाणारा. असो, असहमतीवर सहमत.

शांत_पाणी
विरोधी सूर लावतो, रागावू नका. इंजिनाच्या वर ऐकू येईल एवढं गाणं म्हणजे बाकी काहीच ऐकू न येणं. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत (१९७२) नियम ५ म्हणतो की नजरेने आणि कानाने सतत पहारा ठेवायचा. कानाने, हे मुद्दाम लिहिलेलं आहे. धुक्यात भोंगा, मागून येणाऱ्याची हाक, व्हीएचएफ रेडिओवर संकटाचं चॅनल १६, सगळं याच कानांनी ऐकायचंय.

दुसरं, संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते तेव्हा आवाज वर न जाता खाली वळतो आणि फार लांबवर पोचतो. तुम्हाला वाटतं हळू लावलंय, पण पलीकडच्या नांगरावरच्या माणसाला शब्दन् शब्द कळतो.

भरतीओहोटी
@शांत_पाणी, रागवायचं काय त्यात. मला गाणं ओळखू येण्यापुरतंच हवंय. आणि नांगरावर तो छोटा स्पीकर पुरेसा आहे.

ओहम_स्वाहा
शांत_पाणी यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याला तांत्रिक उत्तरही आहे: स्पीकर कानाजवळ आणि माणसांकडे वळवून लावा, म्हणजे कमी आवाजात भागतं. व्हीएचएफचा स्पीकर वेगळा आणि सुकाणूवाल्याच्या तोंडासमोर. काही हेडयुनिटना म्यूटची वायर असते. सहज हात जाईल तिथे स्विच लावून ती जोडली की एका टिचकीत सगळं गप्प. मी कुणालाही सिस्टीम सुचवताना हा स्विच धरूनच सुचवतो.

डोलकाठी
आणि ते रंगीत दिव्यांचे स्पीकर! आरजीबी एलईडीवाले. घ्यायचे तर घ्या, पण अंधारात चालत्या बोटीवर बंद ठेवा. त्याच नियमावलीत नियम २० म्हणतो की दिशादर्शक दिव्यांशी गल्लत होईल असा दुसरा दिवा दाखवायचा नाही. उजव्या बाजूला तांबडा स्पीकर झगमगतोय म्हणजे समोरच्याला तुमची डावी बाजू दिसतेय.

भरतीओहोटी
साधे पांढरे, दिवे नसलेले घेतो. :)

बॅटरीचं काय करू? कन्सोलमध्ये जागा आहे, हलवता येईल.

ओहम_स्वाहा
तुमचं आउटबोर्ड मध्यम असेल तर पूर्ण वेगात १५-२० अँपिअर चार्जिंग देईल, पण आयडलला त्याचा थोडाच भाग. गळ टाकून इंजिन बंद म्हणजे शून्य. अँप कमाल १५ घेत असला तरी गाण्यावर, जोरात, सरासरी ५ धरा. ८० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची, म्हणजे ४०. आठ तास. पण ही तीच बॅटरी इंजिन सुरू करणार असेल तर मी असा जुगार खेळणार नाही.

हलवतच आहात तर दोन करा: जुनी फक्त इंजिनाला, दुसरी डीप सायकल (खोलवर उतरवता येणारी) बाकी सगळ्याला. मध्ये व्हीएसआर म्हणजे व्होल्टेज बघून जोडणारा रिले. चार्जिंगने व्होल्टेज साधारण १३.३ वर गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की सोडतो. गाणी दुसरी बॅटरी खाणार, इंजिनाची शाबूत. आणखी एक फायदा: एकाच बॅटरीवर स्टार्टर मारला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि हेडयुनिट रीसेट होतं, तेही थांबेल.

दुसरी बॅटरी म्हणजे २० किलोच्या आसपास. बोटीचा तोल बघून ठेवा. लिथियम हलकी पडते, पण ती लेड-ॲसिडशी थेट समांतर जोडू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो.

सुकाणू_धरा
भोकं पाडण्याबद्दल राहिलं होतं. ६.५ इंची स्पीकरला भोक सुमारे ५ इंची लागतं, खोली ३ इंचांच्या आसपास. डब्यातला कागदी साचाच खरा.

आधी मागे काय आहे ते हात घालून, नाहीतर आरसा धरून बघा. स्टीअरिंगची हायड्रॉलिक नळी, पेट्रोलचा पाइप, वायरी. फोम भरलेली बंद पोकळी असेल तर ती बोट तरंगती ठेवण्यासाठी आहे, तिला हात लावू नका. मग मध्यभागी एक बारीक भोक, त्यातून वाकवलेली तार फिरवून पाठीमागे जागा मोकळी आहे ना ते तपासा.

गेलकोटवर (फायबरवरचा वरचा गुळगुळीत थर) चिकटपट्टी लावा, होल सॉ सुरुवातीला उलटा फिरवा म्हणजे कड उडत नाही. गेलकोट कापला गेला की सुलटा. तोंडावर मास्क हवाच, फायबरची धूळ फुप्फुसात जाते आणि कातडीला दोन दिवस खाजवते. भिंत सँडविच प्रकारची असेल, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम, तर कापलेली कड इपॉक्सीने पूर्ण बंद करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत: स्पीकर नवा, भोवतालची भिंत दाबली की मऊ. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, आणि कडक पिळू नका, स्पीकरची चौकट वाकते नि गास्केट उघडं पडतं.

भिंतीमागची जागा जितकी बंद तितका खर्ज बरा. मागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या उलट असते, दोन्ही मोकळ्यात भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. अँपवर हाय-पास फिल्टर ८०-१०० हर्ट्झला लावा. त्याखालचा खर्ज उघड्या बोटीवर या आकाराच्या स्पीकरला जमणारच नाही, उगाच कोन हापटतो आणि करंट जातो.

भरतीओहोटी
मंडळी, बसवून झालं. दोन स्पीकर मागच्या भिंतीत, अँप, हेडयुनिट आणि दोन्ही बॅटऱ्या कन्सोलमध्ये. इंजिन बंद असताना आवाज अप्रतिम. इंजिन चालू केलं की मात्र स्पीकरमधून 'कुंईंईं' असा सूर येतो आणि वेग वाढवला की सूरही चढतो. गाणं बंद असलं तरी. काय असेल?

ओहम_स्वाहा
वेगाबरोबर चढतोय म्हणजे अल्टरनेटर. फिल्टर विकत घ्यायला धावू नका. इंजिन चालू ठेवून अँपच्या आरसीए पिना (हेडयुनिटकडून गाणं आणणारी वायर) काढा. आवाज गेला तर तो हेडयुनिटकडून येतोय, राहिला तर अँपच्या पुरवठ्यातून. आणि दोघांचे निगेटिव्ह कुठे कुठे जोडलेत ते सांगा. फोन ऑक्सने लावून त्याच वेळी बोटीच्या यूएसबीवर चार्ज होतोय का?

भरतीओहोटी
आरसीए काढल्यावर गेला. फोन ब्लूटूथवर आहे. अँपचा निगेटिव्ह थेट नव्या बॅटरीवर, हेडयुनिटचा स्विच पॅनेलच्या मागे जो जुना निगेटिव्ह बार आहे त्यावर.

तांबडी_तार
सापडलं. त्या जुन्या बारवरून इंजिनाच्या मीटरांचा, पंपाचा, सगळ्यांचा करंट परत जातो, आणि बार ते बॅटरी जी जुनी वायर आहे तिच्यात थोडा व्होल्टेज पडतो. हेडयुनिटचा 'शून्य' आणि अँपचा 'शून्य' वेगळे झाले, तो फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि अँप तो इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. हेडयुनिटचा निगेटिव्ह आणि अँपचा निगेटिव्ह एकाच बिंदूवर आणा. आरसीए आणि पॉवरची वायर एकत्र बांधली असेल तर सोडवा, दोन बाजूंनी न्या, ओलांडायची तर काटकोनात.

भरतीओहोटी
नवा निगेटिव्ह बार टाकून दोन्ही त्यावर घेतले. सूर गेला! अगदी वेगात कान लावला तर पुसटसा, गाण्यात काहीच नाही. म्यूटचा स्विचही थ्रॉटलजवळ लावलाय, @शांत_पाणी यांच्यासाठी खास.

शांत_पाणी
_/\_

निळी_नौका
धागा वर काढतोय. माझी बोट अॅल्युमिनियमची आहे. यातलं काही बदलेल का? शिवाय एफएम नीट लागत नाही.

तांबडी_तार
बदलेल. बोटीची बॉडी निगेटिव्ह म्हणून अजिबात वापरू नका, भरकटलेला करंट अॅल्युमिनियम खाऊन टाकतो. प्रत्येक गोष्टीला दोन वायरी. स्टेनलेस स्क्रू अॅल्युमिनियममध्ये जातो तिथे गॅल्व्हॅनिक गंज रोखणारी पेस्ट लावा, आणि अँप, स्पीकरच्या चौकटी यांच्याखाली प्लास्टिकचा तुकडा. हेडयुनिटची धातूची पेटी आणि अँटेनाची जाळी बहुधा आतून निगेटिव्हलाच जोडलेली असते, तेव्हा तीही बॉडीला टेकणार नाही असं बघा.

ओहम_स्वाहा
एफएमसाठी: फायबरच्या बोटीत वायरची अँटेना आत लपवली तरी चालते, तुमच्याकडे धातूची भिंत लहरी अडवते, अँटेना बाहेरच हवी. १०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ७५ सेंटीमीटर, तेवढी काडी पुरते. व्हीएचएफच्या अँटेनापासून मीटरभर तरी लांब लावा. व्हीएचएफच्याच अँटेनाला स्प्लिटर लावून एफएम काढता येतं, पण मी संकटाच्या रेडिओच्या वाटेत म्युझिकचं साधन घालणार नाही.

आणि आधी एक करून बघा: बोटीवरचे एलईडी दिवे आणि यूएसबी चार्जर एकेक बंद करत एफएम ऐका. स्वस्त एलईडीच्या आतलं सर्किट एफएममध्ये आणि व्हीएचएफमध्येही खरखर सोडतं. एखादा दिवा बंद केल्यावर स्टेशन स्वच्छ लागलं तर अँटेना ठीक आहे, दिवा बदला.

निळी_नौका
बिल्जमधल्या (बोटीच्या तळातल्या) दिव्याची पट्टी निघाली! ती बंद केली की दोन स्टेशनं लगेच लागतात. बाकीची बाहेरच्या अँटेनावर बघतो. आभार.